कोटाखालचं सुती कापड

मागच्या महिन्यात एका अनोळखी गृहस्थाने मला चिंधीचोर म्हटलं. तोंडावर नाही, फोनवरच्या एका गटात. छोटे सैनिक जमवणारे लोक तिथे आपापल्या कपाटांचे फोटो टाकतात, मीही गुपचूप बघत असते. माझं नाव त्याने घेतलं नव्हतं, कारण ते त्याला ठाऊक असायचं कारणच नाही. त्याने बारा इंच उंचीच्या एका जवानाचा फोटो टाकला होता. बर्फातला जवान, अंगात गुबगुबीत कोट, पायात जाड बूट, कपाळावर काळा चष्मा. डबा कित्येक वर्षं बंदच होता, तो म्हणे त्याने परवा उघडला, कोटाची बटणं काढली, आणि आत काय, तर पातळ सुती सदरा, सुती पँट, विटका बिनबाह्यांचा स्वेटर, आणि रबरी बूट ओढून काढला तर आत कॅनव्हासचा बूट. खाली त्याने लिहिलं होतं, "कोट झकास. आत मात्र बनवणाऱ्याने कापड वाचवलंय. बर्फात कोणी सुती घालतं का? ऐतिहासिक अचूकता शून्य. शिंपी चिंधीचोर दिसतो." त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

तो शिंपी मी. मी नववीतून शाळा सोडलेली बाई आहे. चार ओळी लिहायच्या तर दोनदा खोडते, आणि कोणी शिकलेलं माणूस बोललं की अजूनही माझा हात आपोआप पदराकडे जातो. पण त्या दिवशी ब्लाउजची कटिंग अर्धी टाकून मी दुकानात नुसती बसून राहिले. चहा आला, तो निवला. चिंधीचोर म्हटल्याचा राग नव्हता फारसा, शिंप्याच्या पोरीला तो शब्द नवा नाही. राग त्या दुसऱ्या शब्दांचा आला. ऐतिहासिक अचूकता. त्या दोन शब्दांसाठी एका घरात काय काय झालं होतं, ते मी पाहिलंय. म्हणून हे लिहायला बसले आहे. वेडंवाकडं झालं तर होऊ दे.

माझं गाव इकडचं नाही, वणीच्याही पलीकडचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. बाबा आठवडी बाजारात झाडाखाली मशीन मांडून शिवायचे. मी त्यांच्या पायाशी बसून काज-बटण करायची. ते गेले, मशीन काकांकडे गेली, आणि माझी शाळा सुटली. माझी आत्या देवळालीला होती, तिचा नवरा लष्कराच्या कॅम्पात आचारी. ती म्हणाली, पोरीचा हात बारीक आहे, इकडे काहीतरी बघू. म्हणून मी एका पत्र्याच्या पेटीसकट नाशिकला आले. सहा महिन्यांत आत्याच्या नवऱ्याची बदली झाली आणि ते दोघं पार आसामकडे निघून गेले. मला परत गावी धाडायचं ठरत होतं, तेवढ्यात आत्याच्या ओळखीच्या आहेर काकू म्हणाल्या, "राहू दे तिला आमच्याकडे. ह्यांच्या बाहुल्यांना कपडे शिवेल, आणि मला बोलायला कोणी होईल." तेव्हापासून त्या घराचं माझ्यावर जे काही आहे, ते मी शब्दांत मांडायला गेले तर रडू येतं, म्हणून मांडत नाही.

आहेर सर चित्रकलेचे शिक्षक. शाळेतून आले की मागच्या खोलीत बसून राळेचे सैनिक ओतायचे, हात-पाय सांध्यात बसवायचे, चेहरे रंगवायचे. सुरुवात कुठल्याशा अधिकाऱ्याला निरोपाची भेट म्हणून झाली होती, मग मागणी येत गेली. मुंबईचे, परदेशातले शौकीन लोक असे सैनिक जमवतात हे मला तिथे कळलं. खऱ्या माणसाच्या सहाव्या हिश्श्याचा माणूस, आणि त्याचे कपडेही सहाव्या हिश्श्याचे, पण खऱ्या कापडाचे. ते माझं काम. एका इंचात तीस टाके घालायचे, नाहीतर शिवण सुतळीसारखी दिसते. इस्त्रीला चमच्याची तापवलेली मूठ. बटणांना सुरुवातीला आम्ही मोहरी वापरायचो, रंग देऊन डिंकाने चिकटवायची. एका पावसाळ्यात कपाटात ओल धरली आणि एका कर्नलच्या छातीला कोंब फुटले. काकू आठवडाभर हसत होत्या. "तुमच्या कर्नलची भाजी करू का उद्या?" तेव्हापासून सरांनी पत्र्याच्या टिकल्या पाडायला घेतल्या.

घर देवळालीच्या बाहेरच्या अंगाला होतं. दिवसातून कितीतरी वेळा लांबच्या माळावर तोफांचा सराव चालायचा. आधी तावदानं थरथरायची, मग आवाज यायचा. पहिल्या महिन्यात मी दर वेळी सुई बोटात खुपसून घ्यायची. काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "काहून गं बाई, दचकली का?" माझं वऱ्हाडी 'काहून' त्यांनी पहिल्याच दिवशी उचललं होतं आणि मला चिडवायला वापरायच्या. नंतर नंतर त्या भाजीवाल्याशीही तसंच बोलायला लागल्या. रंगवलेले सैनिक वाळायला काकूंच्या फळीवर, डाळ-तांदळाच्या डब्यांवर उभे असायचे. "माझ्या घरात मीठ काढायचं तर पलटणीची परवानगी लागते," असं त्या आल्या-गेल्याला सांगायच्या.

आणि त्या घरात तात्या होते. सरांचे थोरले भाऊ, फौजेतून आलेले. त्यांची मूळ शेती सटाण्याकडची, पण त्यांनी लग्न केलं नाही, शेती वाट्याने लावून दिली आणि भावाकडे राहिले. पडवीत खुर्ची टाकून बसायचे. बोलणं कमी. पण रोज संध्याकाळी दिवे लागले की ते घरातल्या प्रत्येकाला एकच विचारायचे, "पाय कोरडे हाय ना?" सरांना, काकूंना, मलाही. मी विहिरीवरून पाणी आणून ओल्या पायाने आत आले, तर स्वतःच्या खांद्यावरचा पंचा माझ्यापुढे टाकायचे आणि मी पाय पुसेपर्यंत तिथून हलायचे नाहीत. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा पुसायला लावायचे. मे महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, त्यांच्या पायात लोकरीचे मोजे. त्यांचे पाय मी कधी उघडे पाहिले नाहीत. काकूंनी मला आल्या आल्याच सांगून ठेवलं होतं, "तात्यांना पायाचं विचारायचं नाही." मी विचारलं नाही. त्या घरात कोणीच विचारत नसे. चालीरीतच होती ती, उंबऱ्यावर न बसण्यासारखी.

मुंबईचे कर्णिक साहेब म्हणून एक जण सरांचा माल नेऊन विकत. गोरे, मऊ बोलणारे, येताना काकूंना आठवणीने मिठाई आणणारे. एका दिवाळीनंतर ते आले ते नवी कल्पना घेऊन. बासष्टच्या लढाईतले आपले जवान, बर्फातले, बारांचा संच. डब्यावर मोठ्या अक्षरात 'अस्सल गणवेश' छापायचं ठरलं होतं. त्यांनी एक रंगीत चित्र आणलं होतं, कुठल्याशा पुस्तकातून काढलेलं. फुगीर कोट, टोपीला केसाळ पट्टी, जाड बूट. सरांनी ते माझ्या मशीनसमोर भिंतीला टाचलं. मी ते पाहत राहिले. आमच्या गावाकडे हिवाळा म्हणजे सकाळी दोन तास अंगावर चादर. बर्फ मी फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. तशा मुलीने बर्फातले कोट शिवायचे, म्हणजे मला स्वप्नासारखंच वाटलं. मी दोन कापडांमध्ये कापसाचा पातळ थर घातला, वर चौकटी टाके मारले, मग हात सैल सोडून अजून एक थर घातला. कापूस काकूंच्या जुन्या लोडातला. दीड महिना मी ते शिवत होते. दाराच्या पलीकडे, चार पावलांवर, तात्या पडवीत बसलेले होते. आणि जवानांना काय घालावं हे मी त्या चित्राला विचारत होते. आमच्या त्या घरात, त्या रीतीमुळेच, ही चूक होऊ शकली. आज तिचा विचार आला की मला सरांचाही राग येतो आणि माझाही. तात्या बर्फात होते हे सरांना ठाऊक होतं. मलाही अर्धंमुर्धं ठाऊक होतं. पण पायाचं विचारायचं नव्हतं ना.

जानेवारीतली सकाळ होती. त्या वर्षी कडाका मोठा होता, निफाडकडे पारा खूप खाली गेल्याचं रेडिओ सांगत होता. काकूंनी कुळथाचे शेंगोळे केले होते, घरभर लसणाचा वास. कोट घातलेले बारा जवान फळीवर ओळीने उभे. तात्या चहाचा कप ठेवायला आत आले आणि तिथेच थांबले. मग एकाला उचललं. फार हळू, पक्ष्याचं पिल्लू उचलावं तसं.

"हाई काय शे?" ते म्हणाले. मन हललं की त्यांच्या तोंडात घरची अहिराणी यायची, एरवी नाही.

सर मागच्या खोलीतून आले. "तात्या, बासष्टचा जवान. कर्णिकांची ऑर्डर आहे."

"कोनत्या बासष्टचा?"

सर भिंतीवरच्या चित्राकडे बघू लागले. मीच मूर्खासारखी पुढे झाले. मला कौतुक हवं होतं. दीड महिन्याचं काम होतं ते.

तात्यांनी अंगठ्याने कोट दाबून पाहिला. "गरम हाय का गं हा?"

"हो तात्या. आत दोन थर कापूस घातलाय."

"दोन थर," ते म्हणाले. त्यांनी जवान परत फळीवर ठेवला, त्याचं तोंड भिंतीकडे करून. "बाहुलीला दोन थर."

आणि बाहेर गेले. शेंगोळ्याला त्या दिवशी हात लावला नाही. काकू पातेल्यावर झाकण ठेवत म्हणाल्या, "बोला आता कोणीतरी."

दुसऱ्या दिवशी मी बोलले. कशी बोलले ते मला अजून कळत नाही, कारण मी भित्री. त्या घरातून काढून टाकलं तर जायचं कुठे ही भीती माझ्या उशाखाली कायम असायची. पण भिंतीकडे तोंड केलेला तो जवान तसाच उभा होता, त्याला वळवून ठेवायला कोणाचा हात धजत नव्हता. मी पडवीत जाऊन तात्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि विचारलं, "तात्या, तुमच्या अंगात काय होतं?"

आतून भांड्याचा आवाज बंद झाला, म्हणजे काकूही ऐकत होत्या.

"सुती," ते म्हणाले. "खाली मैदानात वापरत होतो तेच. हिरवी पँट, हिरवा शर्ट. एक बनियनसारखा स्वेटर. पायात कॅनव्हासचे बूट. पळायला देत्यात ना, ते. घोंगडी दोघांत एक कशी का होईना होती. उकाड्यातून उचलून वर नेला आम्हाला, लयच घाईनं. कपडे मागून येतील म्हनले."

"आले?"

"यायचेच हायत अजून."

त्या दिवसांत पहाटे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटायच्या, मण्यांना थंडीने तडे जाऊ नयेत म्हणून. पडवीतून लांबवर तो धूर दिसत होता. तात्यांनी हनुवटीने तिकडे दाखवलं. "त्या द्राक्षाला जाळ करत्यात बघ. आम्हाला शेकोटी करायची बंदी. धूर दिसतो म्हनून. बूट ओला झाला की काढायचा नाय, काढला तर परत चढत नाय. माझ्या शेजारी कळवणचा पोरगा होता. तो म्हनायचा, तात्या, पाय माझा का तुझा, काही समजंना. सकाळी त्याला उठवला, तर..." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "तुझे पाय कोरडे हाय ना?"

त्या दिवसापासून मला एक संताप चढला, आणि तो आजतागायत पुरता उतरलेला नाही. कोणावर म्हणाल, तर सांगता येणार नाही. ज्यांनी कपडे मागून येतील असं सांगितलं त्यांच्यावर. त्या रंगीत चित्रावर. माझ्या दोन थर कापसावर. मी सरांना विचारलंसुद्धा नाही. फळीवरच्या जवानांचे कोट उतरवले आणि सुती गणवेश कापायला घेतला.

आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी हे काम न केलेल्या माणसाला पटत नाही. लहान आकारात जाड कोट दाखवणं सोपं असतं. कापडच मुळात जाड असतं, ते आपोआप फुगतं. अवघड असतं ते कापड पातळ दाखवणं. पॉपलीनचा सदरा शिवला तर बारा इंची माणसाच्या अंगावर तो घोंगडीसारखा दिसतो. मी पॉपलीन शिवून बघितलं, केम्ब्रिक शिवून बघितलं. जवान उबेत असल्यासारखाच दिसायचा. थंडीत कुडकुडणारा माणूस काही केल्या होईना. शेवटी तात्यांनीच त्यांचं एक जुनं धोतर आणून दिलं. धुऊन धुऊन मलमलीसारखं झालेलं, उन्हात धरलं तर पलीकडचं दिसेल असं. ते हिरव्या रंगात चहाचं पाणी घालून उकळलं. अस्तर नाही, दुमड नाही, कडा डिंकाने बसवलेल्या. स्वेटरला त्यांचाच फाटका लोकरी मोजा उसवला. पायावर कापड चिकटवून कॅनव्हासचे बूट केले, नाड्या शिलाईच्या दोऱ्याच्या. पहिला जवान पुरा झाला तेव्हा मी तो पडवीत नेला. तात्यांनी तो हातात धरला, उजेडाकडे फिरवला, सदऱ्याची कॉलर बोटाने नीट केली.

"हां," म्हणाले. "ह्याला थंडी वाजतीये."

मला शाळेत कधी बक्षीस मिळालं नाही. पुढेही कोणी काही दिलं नाही. हे एक वाक्य मिळालं.

सरांनी बाकीचे अकराही करायला सांगितले. ते वाईट माणूस नव्हते, उलट त्या दिवसांत ते रात्रीच्या जेवणाला तात्यांच्या शेजारी पाट घेऊ लागले होते, जे आधी कधी होत नव्हतं. बारा झाले. फेब्रुवारीत कर्णिक साहेब आले. मिठाईचा पुडा काकूंच्या हातात दिला, आत आले, फळीकडे पाहिलं आणि हसले.

"सर, ही काय गंमत? ही तर शाळेच्या कवायतीची पोरं वाटतायत."

"तेव्हा हेच होतं अंगात," सर म्हणाले.

"असेलही. पण गिऱ्हाईक काय म्हणेल? बर्फात कोणी सुती घालतं का?"

अगदी हेच शब्द. म्हणून तर त्या फोनवरच्या ओळी वाचताना माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मध्ये गेली आणि वाक्य जागचं हललेलं नाही.

"फोटो आहे का काही? कागद?" कर्णिक साहेबांनी विचारलं.

"माझा भाऊ होता तिथे," सरांनी पडवीकडे हात केला.

कर्णिक साहेब लगेच उठले, पडवीत जाऊन तात्यांना वाकून नमस्कार केला. त्यात खोटेपणा नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. "काका, तुमच्याबद्दल फार आदर आहे. पण लोक हे कपाटात अभिमानाने ठेवतात हो. असा उघडा जवान बघवत नाही. सैन्याचा अपमान वाटेल."

तात्या म्हणाले, "कोनाचा?"

"सैन्याचा. जवानांचा."

"कोट दिला नाय तवा नाय झाला," तात्या म्हणाले, "आता बाहुलीचा काढला तर झाला व्हय?"

काकू पदराला हात पुसत दारात उभ्या. मी मशीनजवळ. मला बोलायचं होतं. दीड महिना तो कापूस भरणारी मी, धोतर उकळणारी मी. मला ओरडून सांगायचं होतं की डब्यावर अस्सल लिहिताय ना, मग हे अस्सल आहे, हे बघा. तोंड उघडलंसुद्धा. पण माझी पेटी त्यांच्या खाटेखाली होती, माझं ताट त्यांच्या फळीवर होतं. मी तोंड मिटलं. ती लाज मी अजून वागवते आहे, आणि ती वागवताना मला त्या घराबद्दल वाटणारी कृतज्ञता कमी होत नाही, हेही खरं. दोन्ही एकत्र राहतात.

तात्या उठून आत गेले. कर्णिक साहेब हळू आवाजात सरांना म्हणाले, "कोट तयार आहेत ना? तेच घाला. आणि अस्सल तर अस्सलच राहील, कोण उघडून बघणार आहे." सर जमिनीकडे बघत होते. शेवटी मान हलवली. त्यांनी शब्द दिलेला होता, डबे छापून झाले होते. कर्णिक साहेब गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "नंदा, कोट घालून घे."

मी घातले. कोट घालून घे म्हणाले होते, आतलं काढ असं कोणी म्हणालं नव्हतं. मी बाराच्या बारा जवानांच्या अंगावर तो पातळ सदरा, तो मोज्याचा स्वेटर, ते कॅनव्हासचे बूट तसेच ठेवले आणि त्यांच्यावर कोट चढवले, रबरी बूट चढवले. बूट घट्ट बसायचे, साबण लावून ढकलावे लागले. कोण उघडून बघणार आहे, ते म्हणाले होते. मी मनात म्हणत होते, बघेल कोणीतरी. मी बघायला लावीन.

बांधाबांध करताना सरांनी एक जवान तपासायला उचलला. कॉलरजवळ कोट जरा उघडा होता, आतली हिरवी सुती कॉलर दिसत होती. त्यांनी ती पाहिली. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं, जवान डब्यात ठेवला आणि पुढचा मागितला. दुसऱ्याची कॉलर त्यांनी उघडून पाहिलीच नाही. त्या एका बटणासाठी मी सरांना पुष्कळ काही माफ केलं.

शेवटचा जवान मी लपवून पडवीत नेला. तात्यांसमोर कोट उघडून आतलं दाखवलं, मग परत बंद केला. मला वाटलं चिडतील. वाटलं म्हणतील, झाकलंस ना शेवटी. त्यांनी तो जवान मांडीवर घेतला, कोटावरून एकदा हात फिरवला.

"आता तरी मिळाला," म्हणाले.

मला वाटतं माझा सगळा राग तिथूनच आला आहे. त्या शांतपणातून. इतक्या वर्षांनी, तोही बाहुलीला, तोही चुकून, आणि ते त्यात समाधान मानत होते. मला त्यांच्या वाटचं भांडायचं होतं आणि ते भांडायला तयार नव्हते. तात्या गेले तेव्हा माझं लग्न झालेलं होतं, मी नाशिक रोडला राहत होते. त्यांना आंघोळ घालताना मी पहिल्यांदा त्यांचे पाय पाहिले. डाव्या पायाला दोनच बोटं होती. मी पंचा घेतला आणि बेचक्या पुसल्या, होत्या तेवढ्या. कोणीतरी म्हणालं, आता कशाला. मी ऐकलं नाही.

तर तो फोनवरचा गृहस्थ. दोन दिवस मी काही लिहिलं नाही. मुलगा म्हणाला, "आई, सोड ना, लोक काहीही बोलतात." पण मी आयुष्यात एकदा तोंड मिटलं होतं. तिसऱ्या दिवशी दुकानात बसून, एकेक अक्षर दाबत, चष्मा वर-खाली करत मी लिहिलं. "तो सदरा मी शिवला आहे. तो एका जवानाच्या धोतराचा आहे. स्वेटर त्याच्या मोज्याचा आहे. तो तिथे होता. चूक आत नाही, बाहेर आहे. कोट चूक आहे. कोट काढून ठेवा, मग अचूक होईल." सदरा शब्द दोनदा चुकला, दुरुस्त केला आणि पाठवला. मग फोन खणात टाकून दिला.

संध्याकाळी काढला तर हसणारी तोंडं गेलेली होती. त्या गृहस्थाने नवा फोटो टाकला होता. काचेच्या कपाटात, इतर सैनिकांच्या जाड जाड गणवेशांच्या मधोमध, माझा जवान कोटाशिवाय उभा होता. बुटांच्या नाड्यासुद्धा दिसत होत्या. माफी वगैरे काही नव्हती. खाली त्याने नुसतं विचारलं होतं, "मग ताई, हे लोक तिथे राहिले कसे?"

मी लिहिलं, "सगळे राहिले नाहीत."